बर्लिनची भिंत कुणीकडे तोंड करून उभी होती

बर्लिनची भिंत १३ ऑगस्ट १९६१ रोजी उभी राहू लागली आणि ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री निकामी झाली. या दोन तारखांत १०,३१५ दिवसांचे अंतर आहे. भिंतीची एकूण लांबी सुमारे १५५ किलोमीटर होती. त्यातली ४३ किलोमीटर शहराला उभी चिरत गेली होती. उरलेली पश्चिम बर्लिनच्या बाहेरच्या कडेने, शेते, पाइनची वने आणि तळ्यांचे काठ धरून वळसा घेत होती. त्यामुळे नकाशा समोर ठेवला की चारी बाजूंनी कोंडलेले दिसते ते पश्चिम बर्लिन. पण त्या वेढ्यातली माणसे मनात येईल तेव्हा लंडन-पॅरिसला जाऊ शकत होती आणि कोंडली गेली होती ती वेढ्याबाहेरची. किल्ल्याचा तट काय, गावकूस काय, बाहेरच्याने आत येऊ नये म्हणून असते. ही भिंत आतल्याने बाहेर पडू नये म्हणून होती आणि तिच्या बांधणाऱ्यांना हे कधीच उघडपणे सांगता आले नाही. भिंतीचे सगळे राजकीय आयुष्य या अडचणीभोवती फिरत राहिले.

भिंत ज्या रेषेवर उभी राहिली ती मुळात शीतयुद्धाने आखलेली नव्हती. १९२० साली एका कायद्याने जुन्या बर्लिनला आसपासची नगरे, गावे आणि जमीनदाऱ्या जोडल्या गेल्या आणि वीस प्रभागांचे बृहद् बर्लिन तयार झाले. प्रभागांच्या हद्दी पालिकेचा कारभार सोयीने चालावा एवढ्यापुरत्या होत्या. सप्टेंबर १९४४ मध्ये लंडनला दोस्त राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी युद्धानंतरच्या जर्मनीची वाटणी ठरवली, तेव्हा राजधानी वाटून घेण्यासाठी हेच प्रभाग हाताशी होते. पूर्वेकडचे आठ सोव्हिएत संघाला गेले. पश्चिमेकडच्या बारांपैकी सहा अमेरिकेकडे, चार ब्रिटनकडे आणि दोन पुढे फ्रान्सकडे आले. बेर्नाउअर श्ट्रास नावाच्या रस्त्यावर या वाटणीने अजब प्रसंग आणला. रस्त्याच्या एका बाजूच्या घरांची दर्शनी भिंत हीच मिटे आणि वेडिंग या दोन प्रभागांची शीव होती. स्वयंपाकघर सोव्हिएत विभागात आणि दारापुढचा पदपथ फ्रेंच विभागात. १९४५ साली याचे कुणाला फारसे वाटले नाही, कारण हद्द ओलांडायला कसली आडकाठी नव्हती.

बर्लिन सोव्हिएत व्याप्त प्रदेशाच्या पोटात, पश्चिम जर्मनीच्या हद्दीपासून सुमारे १६० किलोमीटर आत होते. दोस्तांचे फाटल्यावर या भूगोलाचा उपयोग झाला. पश्चिमेच्या विभागांत नवे चलन आल्यानंतर २४ जून १९४८ पासून सोव्हिएत अधिकाऱ्यांनी पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे आणि कालवे अडवले. अमेरिका आणि ब्रिटनने १२ मे १९४९ पर्यंत आणि साठा करण्यासाठी त्यानंतरही काही महिने शहराला विमानाने जगवले. एकूण सुमारे २३ लाख टन माल वाहिला गेला. त्यात सर्वांत मोठा वाटा धान्याचा नसून कोळशाचा होता. त्याच वर्षी दोन जर्मन राष्ट्रे अस्तित्वात आली: मे महिन्यात पश्चिमेकडचे संघराज्य आणि ऑक्टोबरमध्ये पूर्वेकडचे जर्मन लोकशाही प्रजासत्ताक. यातला 'लोकशाही' हा शब्द नावापुरताच राहिला.

मे १९५२ मध्ये पूर्व जर्मनीने पश्चिम जर्मनीशी असलेली लांबलचक सरहद्द तारांनी बंद केली. उघडे उरले ते फक्त बर्लिन. एखादे कुटुंब ड्रेस्डेनहून किंवा लाइप्झिशहून रविवारच्या कपड्यांत, जवळ मोठे सामान न घेता बर्लिनला येई, शहरी रेल्वेचे साधे तिकीट काढी आणि चार स्थानके पलीकडे उतरून परतच जात नसे. १७ जून १९५३ रोजी बांधकाम मजुरांच्या संपातून पेटलेला उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला, त्यानंतर ही गळती वाढली. १९५७ मध्ये परवानगीविना देश सोडणे कायद्याने गुन्हा ठरले. त्यासाठीच्या जर्मन शब्दाचा अर्थ 'प्रजासत्ताकातून पलायन' असा आहे. १९४९ ते १९६१ या काळात सुमारे २७ लाख माणसे निघून गेली. त्यांतली जवळजवळ निम्मी पंचविशीच्या आतली होती आणि डॉक्टर, अभियंते, शिक्षक, कुशल कामगार यांचा भरणा मोठा होता. याशिवाय सुमारे ५० हजार माणसे पूर्वेत राहून, तिथले स्वस्त भाडे भरून रोज पश्चिमेत कामाला जात. पूर्व जर्मनीच्या नियोजनकर्त्यांच्या दृष्टीने ही रोज होणारी चोरी होती. दवाखाना बांधावा, डॉक्टर घडवावा आणि एका सोमवारी तो कामावर येऊच नये, असे वर्षानुवर्षे चालले होते.

पूर्व जर्मनीचे नेते वाल्टर उल्ब्रिश्ट हद्द बंद करण्याचा आग्रह मॉस्कोकडे बराच काळ धरत होते. सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चॉव्ह यांना आपल्या शासनपद्धतीला असे कुलूप लावणे अवघड वाटत होते. त्यांना पश्चिमी फौजाच बर्लिनमधून हलवायच्या होत्या. जून १९६१ मध्ये व्हिएन्नात ते अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना भेटले आणि भेट कडवट झाली. २५ जुलैच्या दूरचित्रवाणी भाषणात केनेडी यांनी पश्चिम बर्लिनवरचे हक्क सोडणार नसल्याचे ठणकावले. बोलताना त्यांनी काळजीपूर्वक 'पश्चिम बर्लिन' म्हटले आणि पूर्वेत काय होईल याबद्दल अवाक्षर काढले नाही. मॉस्कोत त्या मौनाचा अर्थ बरोबर लावला गेला. दरम्यान १५ जून रोजी एका पत्रकार परिषदेत फ्रांकफुर्टच्या दैनिकाच्या वार्ताहर महिलेने, ब्रांडेनबुर्ग दरवाजावर राज्याची सरहद्द उभारणार का, असे उल्ब्रिश्ट यांना विचारले होते. उत्तरात ते म्हणाले की भिंत बांधण्याचा कुणाचाही इरादा नाही. प्रश्नात 'भिंत' हा शब्दच नव्हता. जुलैमध्ये सुमारे ३० हजार माणसे निघून गेली.

हद्द बंद करण्याच्या कारवाईची जबाबदारी उल्ब्रिश्ट यांचे सहकारी एरिश होनेकर यांच्याकडे होती. वेळ शनिवार-रविवारच्या मधल्या रात्रीची निवडली होती. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास दिवे मालवले गेले आणि पोलीस व कारखान्यांतल्या सशस्त्र पथकांनी हद्दीवर काटेरी तार पसरायला सुरुवात केली. रस्त्यांवरचे फरसबंदीचे दगड उखडले गेले, शहरी रेल्वे मध्येच तोडली गेली. तार सगळीकडे पूर्वेच्या जमिनीवरच, हद्दीच्या किंचित आत रोवली होती. पश्चिमेच्या इंचभर जागेला हात लागला नव्हता, म्हणजे हस्तक्षेपाला कायदेशीर निमित्त उरत नव्हते. सोव्हिएत सैन्य मागे, तयारीत उभे होते. सकाळी बर्लिनकर जागे झाले तेव्हा कुणाची आई पलीकडे राहिली होती, तर कुणाची नोकरी.

बेर्नाउअर श्ट्रासवरच्या घरांची दारे आधी खिळे ठोकून बंद केली गेली, मग खालच्या मजल्याच्या खिडक्या विटांनी बुजवल्या. माणसे वरच्या मजल्यांवरून उड्या घेऊ लागली. खाली पश्चिम बर्लिनच्या अग्निशमन दलाचे जवान झोळी ताणून उभे असत. २२ ऑगस्टला इडा झीकमान ही महिला आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून उडी मारताना मरण पावली. भिंतीचा पहिला बळी म्हणून तिची नोंद आहे. त्याच रस्त्याच्या एका कोपऱ्यावर १५ ऑगस्टला कोनराड शूमान हा एकोणीस वर्षांचा पूर्व जर्मन शिपाई काटेरी तारेवरून उडी घेऊन पलीकडे गेला. त्या क्षणाचे छायाचित्र जगभर छापले गेले. पहारेकरीच पळतो आहे, हे दाखवायला दुसऱ्या मजकुराची गरज नव्हती.

पश्चिमेच्या राजधान्यांत मात्र संतापाबरोबर सुटकेचा श्वासही होता. पश्चिम बर्लिनचे महापौर विली ब्रांट निवडणूक प्रचार सोडून धावत परत आले; पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर यांना शहरात यायला नऊ दिवस लागले. युद्धापेक्षा भिंत कितीतरी बरी, अशा अर्थाचे केनेडी यांचे खासगी उद्गार नंतर प्रसिद्ध झाले. ते निर्दयी वाटतात, पण हिशेब तोच होता. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बेलग्रेडला भरलेल्या अलिप्त राष्ट्रांच्या पहिल्या परिषदेवर बर्लिनचेच सावट होते. वसाहतवाद की युद्धाचा धोका, यांत आधी काय, या वादात जवाहरलाल नेहरू यांनी युद्धाच्या धोक्याला अग्रक्रम दिला आणि परिषदेचे आवाहन घेऊन ते घानाच्या एन्क्रुमांसह मॉस्कोला गेले. २७ ऑक्टोबरला फ्रीडरिशश्ट्रासवरच्या चेकपॉइंट चार्ली या नाक्यावर अमेरिकन आणि सोव्हिएत रणगाडे एकमेकांवर तोफा रोखून उभे राहिले. भांडणाचे कारण होते पूर्व जर्मन पहारेकऱ्यांना अमेरिकन अधिकाऱ्यांनी कागदपत्रे दाखवायची की नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजू मागे सरल्या. भिंतीला महासत्तांची मूक संमती मिळाली ती इथे.

आता भिंतीला नाव हवे होते. पूर्व जर्मनीने अधिकृत नाव ठेवले 'फॅसिझमविरोधी संरक्षक तट'. या नावानुसार धोका पश्चिमेकडून होता. हेर, घातपाती आणि माणसे फितवणारे दलाल यांना अडवण्यासाठी ही व्यवस्था होती. साधा 'भिंत' हा शब्द सरकारी लिखाणात टाळला जाई. पश्चिम बर्लिनमध्ये तिला 'लज्जेची भिंत' म्हटले गेले. दोन्ही नावे प्रचाराची होती. फरक इतकाच की पूर्वेचे नाव खोडून काढायला भिंतीची रचना पाहणे पुरेसे होते.

ती रचना चार टप्प्यांत घडली: आधी तार, मग घाईने रचलेले पोकळ सिमेंटचे ठोकळे, साठच्या दशकाच्या मध्यापासून काँक्रीटच्या पट्ट्या आणि १९७५ पासून इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचे ओतीव खंड. शेवटचा प्रकार मूळचा शेतीखात्याचा. मुरघास साठवण्याच्या बांधकामांसाठी तो तयार झाला होता. प्रत्येक खंड ३.६ मीटर उंच, १.२ मीटर रुंद आणि पावणेतीन टनांच्या आसपास वजनाचा होता. असे सुमारे ४५ हजार खंड लागले. वरच्या कडेवर गोल नळ बसवला होता, म्हणजे हाताला पकड मिळू नये. पण पश्चिमेकडून दिसणारी ही भिंत सगळ्यात शेवटचा अडथळा होती. पूर्वेकडून येणाऱ्याला आधी आतली भिंत लागे, मग स्पर्श होताच इशारा देणारे तारेचे कुंपण, मग कुत्र्यांची धाव, टेहळणीचे बुरूज, गस्तीचा रस्ता, पाऊल उमटावे म्हणून रोज दाताळ्याने सारखा केलेला वाळूचा पट्टा, वाहने अडवणारा खंदक आणि अखेरीस मुख्य भिंत. तिची आतली बाजू पांढरी रंगवलेली असे, कारण रात्रीच्या झोतात पळणाऱ्याची आकृती पांढऱ्यावर स्पष्ट दिसते. खंदकही पूर्वेकडून सुसाट येणारी गाडी अडकावी असाच खणलेला होता. १९८९ मध्ये बुरुजांची संख्या ३०२ होती. पेरलेले सुरुंग आणि आपोआप उडणाऱ्या बंदुका दोन जर्मनींच्या लांब सरहद्दीवर होत्या, बर्लिनच्या भिंतीवर नव्हत्या. लोकप्रिय वर्णनांत या दोन्हींची गल्लत होते. बर्लिनमधल्या दोन भिंतींमधल्या रिकाम्या पट्ट्याला पश्चिमेत मृत्युपट्टा म्हणत. माणसाला मज्जाव असलेल्या त्या गवतात सशांची मोठी वसाहत मात्र निर्धास्त वाढली.

भिंतीपाशी किमान १४० माणसे मेली. १७ ऑगस्ट १९६२ रोजी पेटर फेश्टर हा अठरा वर्षांचा तरुण चेकपॉइंट चार्लीजवळ गोळी लागून भिंतीच्या पायथ्याशी पडला आणि जवळजवळ तासभर मदतीसाठी ओरडत राहिला. पूर्वेचे पहारेकरी पुढे आले नाहीत आणि पश्चिमेच्या पोलिसांना व अमेरिकन सैनिकांना हद्द ओलांडायची नव्हती. शेकडो लोकांच्या देखत तो रक्तस्रावाने मेला. भिंतीचे खरे रूप पाहायचे तर या प्रसंगात पाहावे. त्यात दोन्ही बाजू होत्या. क्रॉइत्सबेर्ग भागात स्प्रे नदीचे संपूर्ण पात्र पूर्वेच्या हद्दीत आणि काठ पश्चिमेच्या हद्दीत होता. १९६६ ते १९७५ या काळात पश्चिमेच्या काठावर खेळणारी पाच मुले पाण्यात पडून बुडाली, कारण काठावरच्या माणसांनी उडी घेतली असती तर गोळीची भीती होती. पाचव्या मुलानंतर दोन्ही प्रशासनांत बचावकार्याचा करार झाला. मृतांत पूर्वेचे सीमारक्षकही आहेत. ऑक्टोबर १९६४ मध्ये बेर्नाउअर श्ट्रासवरच्या एका बंद पडलेल्या बेकरीतून खणलेल्या भुयारातून ५७ माणसे पळाली. झटापटीत एगोन शुल्ट्स हा रक्षक ठार झाला. पूर्व जर्मनीने त्याला हुतात्मा केले, शाळांना त्याचे नाव दिले. तो स्वतःच्याच सहकाऱ्याच्या गोळीने मेला होता, हे तिथल्या अधिकाऱ्यांना माहीत होते. लोकांना ते १९८९ नंतरच कळले.

भिंत बरीच वर्षे टिकली की ती दिनक्रमाचा भाग होते. पश्चिम बर्लिनच्या दोन भुयारी रेल्वेमार्गांचा मधला भाग पूर्व बर्लिनच्या खालून जात असे. गाड्या तिथल्या मंद उजेडाच्या, पहारा असलेल्या स्थानकांवरून न थांबता हळू जात. लोक त्यांना भुतांची स्थानके म्हणत. या वापराचे पैसे पश्चिम बर्लिन पूर्वेला चुकते करी. १९६३ च्या नाताळात पहिल्यांदा पश्चिम बर्लिनकरांना नातलगांना भेटायचे परवाने मिळाले आणि अडीच आठवड्यांत सुमारे १२ लाख फेऱ्या झाल्या. १९६४ पासून पूर्वेतल्या निवृत्तांना पश्चिमेत जायला मुभा मिळाली. परत न आलेला म्हातारा सरकारचे निवृत्तिवेतन वाचवत होता, म्हणून ही उदारता स्वस्त होती. फ्रीडरिशश्ट्रास स्थानकाला लागून असलेल्या तपासणीच्या काचेरी दालनाला 'अश्रूंचा महाल' हे नाव पडले. आलेल्या पाहुण्याने दररोज ठरावीक पश्चिमी मार्क एकास एक दराने बदलून घ्यावेत अशी सक्ती होती; १९८० मध्ये हा आकडा २५ झाला. १९६३ पासून पश्चिम जर्मनी पूर्वेतले राजकीय कैदी पैसे मोजून सोडवून आणू लागली. भिंत पडेपर्यंत असे ३३ हजारांहून अधिक कैदी सुटले आणि मोबदल्यात तीन अब्जांहून अधिक मार्कांचा माल आणि पैसा गेला. ज्या व्यवस्थेला माणसांची गळती परवडत नव्हती तीच आता माणसे विकून परकीय चलन मिळवत होती.

ब्रांट १९६९ मध्ये चॅन्सेलर झाल्यावर भिंत हटवण्याची घोषणा मागे पडली आणि ती सुसह्य करण्याचे धोरण आले. १९७१ चा चार महासत्तांचा बर्लिन करार आणि १९७२ चा दोन जर्मनींमधला पायाभूत करार त्यातून झाला. या मान्यतेच्या लाटेत १९७२ मध्ये भारतानेही पूर्व जर्मनीशी राजनैतिक संबंध जोडले. शहर तोवर दुहेरी झाले होते: दोन विद्यापीठे, दोन प्राणिसंग्रहालये, ऑपेराची वेगळी नाट्यगृहे. १९६९ मध्ये पूर्वेने ३६५ मीटरचा दूरचित्रवाणी मनोरा उभारला. ऊन पडले की त्याच्या पोलादी गोळ्यावर क्रुसाची आकृती चमकते, आणि नास्तिक सरकारला ती काही केल्या पुसता आली नाही. बर्लिनकरांनी तिला 'पोपचा सूड' म्हणून टाकले.

चिन्ह म्हणून भिंत घडली ती मात्र एकाच बाजूने. पूर्वेचा नागरिक मुख्य भिंतीपर्यंत पोचूच शकत नव्हता. शहराच्या नकाशांत पश्चिम बर्लिनची जागा कोरी असे आणि भिंतीचे छायाचित्र काढणे अंगाशी येई. पश्चिमेत मात्र भिंतीला खेटून लाकडी मचाणे होती. पाहुण्या राष्ट्रप्रमुखांना त्यांवर चढवून पलीकडे पाहायला लावण्याचा शिरस्ता पडला. २६ जून १९६३ रोजी केनेडी भिंत पाहून शोनेबर्गच्या नगरगृहासमोर बोलले आणि आपण बर्लिनकर असल्याचे जर्मन भाषेत म्हणाले. त्यांच्या व्याकरणाने त्यांना 'बर्लिनर' नावाच्या एका गोड पदार्थाची उपमा मिळाली ही गोष्ट पुढे पसरली, पण जमलेल्या लाखोंना अर्थ नीट कळला होता. २४ वर्षांनी, १२ जून १९८७ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रॉनल्ड रेगन यांनी ब्रांडेनबुर्ग दरवाजासमोर सोव्हिएत नेते मिखाईल गोर्बाचॉव्ह यांना भिंत पाडण्याचे आव्हान दिले. त्या दिवशी त्याचा फार गाजावाजा झाला नाही. भिंत पडल्यावर भाषण भविष्यवाणीसारखे वाचले जाऊ लागले.

भिंतीची पश्चिमेकडची बाजू रंगवली जात होती तीसुद्धा या हद्दीच्या गमतीमुळे. भिंत रेषेच्या किंचित आत असल्याने तिच्यापुढची अरुंद पट्टी पूर्वेच्या मालकीची होती आणि पश्चिम बर्लिनच्या पोलिसांना तिथे अधिकार नव्हता. ऐंशीच्या दशकात चित्रकारांनी ती किलोमीटरच्या किलोमीटर रंगवली. क्रॉइत्सबेर्गमध्ये एका तुर्की स्थलांतरिताने अशाच बेवारस तुकड्यावर कांदे-लसणाचे वाफे घातले. तिथला रक्षक चौकशी करून गेला आणि वाफे राहिले. १९८८ मध्ये लेने नावाचा मोठा त्रिकोणी तुकडा कराराने पश्चिमेकडे जायचा होता. त्यावर ठाण मांडलेल्या आंदोलकांवर १ जुलैला पश्चिम बर्लिनचे पोलीस चालून आले, तेव्हा सुमारे दोनशे जण शिड्या लावून भिंतीवरून पूर्वेत उतरले. पूर्वेच्या रक्षकांनी त्यांना न्याहारी दिली आणि वेगवेगळ्या नाक्यांवरून परत पाठवले. भिंतीच्या इतिहासातले सर्वांत मोठे सामूहिक उल्लंघन, असे म्हणायला हरकत नाही, पण दिशा चुकलेली.

१९८९ च्या जानेवारीत, तोवर पूर्व जर्मनीचे नेते झालेल्या होनेकर यांनी भिंत पन्नास आणि शंभर वर्षांनीही उभी असेल असे जाहीर केले. ५ फेब्रुवारीच्या रात्री क्रिस ग्वेफ्रॉय हा वीस वर्षांचा तरुण गोळीने मेला. गोळी लागून मेलेला तो शेवटचा. मग बांध दुसरीकडेच फुटला. मे महिन्यात हंगेरीने ऑस्ट्रियाच्या सरहद्दीवरची तार काढायला घेतली आणि ११ सप्टेंबरला ती पूर्व जर्मनांना खुली केली. ९ ऑक्टोबरला लाइप्झिशमध्ये सुमारे ७० हजार माणसे रस्त्यावर उतरली आणि सैन्याने गोळी झाडली नाही. १८ ऑक्टोबरला होनेकर पायउतार झाले. नव्या नेतृत्वाने प्रवासाचे नियम सैल करण्याचा मसुदा केला, तो ९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी प्रवक्ते गुंटर शाबोव्हस्की यांच्या हाती आला. चर्चेला ते हजर नव्हते. पत्रकार परिषदेत अंमल कधीपासून असे विचारताच त्यांनी कागद चाळले आणि आपल्या माहितीप्रमाणे ताबडतोब, विनाविलंब असे सांगितले. नियम दुसऱ्या दिवशी, अर्ज-शिक्क्यांसह लागू व्हायचा होता. रात्री बातम्या ऐकून माणसे नाक्यांवर जमली. बोर्नहोल्मर श्ट्रासच्या पुलावर हाराल्ड येगर हे अधिकारी तासन्‌तास वरिष्ठांना फोन करत राहिले. स्पष्ट आदेश मिळेना. साडेअकराच्या सुमारास त्यांनी फाटक उघडले. अठ्ठावीस वर्षांची भिंत एका गबाळ्या वाक्याने आणि न आलेल्या हुकुमाने संपली.

त्या रात्रीपासून लोक छिन्नी-हातोडी घेऊन भिंतीवर तुटून पडले. त्यांना 'भिंतीचे सुतारपक्षी' म्हटले गेले. अधिकृत पाडकाम जून १९९० मध्ये बेर्नाउअर श्ट्रासवर सुरू झाले आणि त्याच महिन्यात चित्रांकित खंडांचा मोनाकोत लिलाव झाला. पावणेतीन टनांचे हे खंड संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधल्या आवारापासून व्हॅटिकनच्या बागांपर्यंत जाऊन उभे राहिले. बाकीच्या काँक्रीटचा चुरा करून रस्त्यांच्या पायात घातला. ३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन्ही जर्मनी एक झाल्या. गोळ्या झाडणाऱ्या रक्षकांवर खटले चालले आणि बहुतेकांना निलंबित शिक्षा मिळाल्या. होनेकर यांचे उत्तराधिकारी एगोन क्रेन्झ यांना १९९७ मध्ये साडेसहा वर्षांची कैद झाली.

पर्यटक आज पाहतात तो म्यूलेनश्ट्रासवरचा १.३ किलोमीटरचा तुकडा, ईस्ट साइड गॅलरी, मुख्य भिंतीचा नाही. ती पूर्वेकडची आतली भिंत आहे. या रस्त्याने परदेशी पाहुण्यांच्या मोटारी विमानतळावरून शहरात येत, म्हणून इथे आतल्या भिंतीलाही उंच, गुळगुळीत खंड वापरले होते. १९९० मध्ये २१ देशांच्या ११८ चित्रकारांनी ती रंगवली. सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह आणि होनेकर यांच्या चुंबनाचे दिमित्री व्रुबेल यांचे चित्र तिथलेच. इतकी वर्षे पांढरी, अस्पर्श ठेवलेल्या पूर्वेच्या बाजूवर चित्र उमटले ते भिंत मेल्यावर. खरी रचना समजते ती बेर्नाउअर श्ट्रासच्या स्मारकात. मृत्युपट्ट्याच्या मधोमध अडकलेले तिथले समेटाचे चर्च पूर्वेने जानेवारी १९८५ मध्ये सुरुंगाने उडवले होते. २००० मध्ये त्याच जागी मातीच्या भिंतींचे लहान प्रार्थनागृह झाले. मातीत जुन्या चर्चचे तुकडे मळले आहेत.

चिन्ह म्हणून भिंत नंतर सर्वांच्याच कामी आली. सरहद्दीवर कुंपण घालणाऱ्या कोणत्याही सरकारला विरोधक बर्लिनची आठवण देतात आणि सरकारे उत्तर देतात की आमची भिंत बाहेरच्यांसाठी आहे. उत्तरात तथ्य असते. पण निकोसिया शहराला चिरणारी हद्द किंवा बेलफास्टच्या वस्त्यांमधल्या भिंती १९८९ नंतरही उभ्या राहिल्या, त्यांच्याकडे जगाचे इतके लक्ष कधी गेले नाही. त्यांच्यासमोर मचाण बांधून कुणा महासत्तेने पाहुणे चढवले नाहीत. जर्मनीत 'डोक्यातली भिंत' हा वाक्प्रचार पूर्व आणि पश्चिमेतल्या दुराव्यासाठी वापरला जातो. पगार, मालमत्ता, उच्चपदांवरच्या नेमणुका यांतली तफावत आजही आहे. २०२५ च्या निवडणुकीत पूर्वेच्या पाचही राज्यांत अति-उजवा पक्ष पहिला आला, तेव्हा निकालाच्या नकाशावर जुनी सरहद्द पुन्हा उमटली.

५ फेब्रुवारी २०१८ रोजी भिंत जितके दिवस उभी होती तितकेच दिवस ती नसण्याला झाले. रस्त्यांवर तिचा मार्ग दाखवणारी दगडांची दुहेरी ओळ बसवली आहे आणि तिच्यावरून मोटारी जातात. २०१३ मध्ये अंतराळस्थानकातून घेतलेल्या रात्रीच्या छायाचित्रात पूर्वेचे पिवळट आणि पश्चिमेचे पांढुरके दिवे शहराचे दोन भाग दाखवत होते. ट्रामचेही तसेच. पश्चिम बर्लिनने आपल्या सगळ्या ट्राम १९६७ पर्यंत मोडीत काढल्या, पूर्वेने चालू ठेवल्या, त्यामुळे एकीकरणानंतर रूळ शहराच्या अर्ध्यातच होते. पश्चिमेत पहिली ट्राम पुन्हा शिरली ती ऑक्टोबर १९९५ मध्ये, बोर्नहोल्मर श्ट्रासच्या त्याच पुलावरून.